मांडव्याचे पाहुणे आणि सुगरणीची वीण

मांडव्याच्या धक्क्यावर उतरणारा पाहुणा हल्ली पूर्वीसारखा कुणाला वाट विचारीत नाही. मुक्काम कोठे करायचा, मासळीचे जेवण कोठे चांगले मिळते, परतीची लाँच किती वाजता सुटते, हे सारे त्याने मुंबईत आपल्या घरी बसून, हातातल्या फोनवर केव्हाच ठरवून टाकलेले असते. धक्क्याबाहेर उभ्या असलेल्या माणसाने ‘रूम पाहिजे का, साहेब?’ म्हणून विचारले, तर तो नुसती मान हलवतो आणि पुढे जातो. खोली ठरलेली असते. प्रश्न एवढाच, की ती कुणाची ठरली, आणि तिच्या भाड्यातले किती पैसे गावात राहिले?

हा प्रश्न वरवर दिसतो त्याहून बराच खोल आहे. गेट वे ऑफ इंडियापासून मांडवा समुद्रमार्गे तासाभराच्या अंतरावर. सडकेने यायचे तर पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग असा शंभर किलोमीटरांहून अधिक वळसा. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसकट माणसे आणणारी रो-रो बोट सुरू झाली. पुरते पंधरा दिवसही झाले नाहीत, तोच टाळेबंदी आली. ऑगस्टमध्ये बोट पुन्हा चालू झाली आणि मग या किनाऱ्याचे चित्र झपाट्याने पालटू लागले. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि सडकेचा वळसाही आखडला. सासवणे, आवास, किहीम, झिराड, थळ या पट्ट्यातल्या पुष्कळ घरांनी मागच्या अंगाला दोन खोल्या काढल्या, न्हाणीघर बांधले, गिझर बसवला आणि दारावर ‘होम स्टे’ अशी पाटी लावली.

पाटी रस्त्यावरून दिसते. मुंबईतून दिसत नाही. मुंबईतल्या माणसाला घर दाखवायचे तर ते फोनच्या पडद्यावर दिसले पाहिजे. तेथे मोठमोठ्या बुकिंग कंपन्या आधीच ठाण मांडून बसलेल्या आहेत. त्या काही धर्मादाय काम करीत नाहीत. दर बुकिंगमागे भाड्याचा ठरलेला हिस्सा कापून घेतात. त्यात गैर काही नाही. दलाल हा व्यापाराचा जुना सोबती आहे. पण सगळेच गिऱ्हाईक दलालामार्फत येऊ लागले, म्हणजे घर आपले, कष्ट आपले आणि गिऱ्हाईक मात्र परक्याचे, अशी अवस्था होते. दलालाने उद्या हिस्सा वाढवला किंवा आपले नाव यादीत खाली ढकलले, तर दाद कुणाकडे मागायची?

यावर उपाय म्हणून कित्येकांनी स्वतःची वेबसाइट करून घेतली. तिच्यावर नारळीची बाग आली, ताटातली सुरमई आली, सूर्यास्त आला. पण गिऱ्हाईक आले नाही. ‘बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे गहू खपत नाहीत’ अशी आपल्याकडे म्हण आहे. या वेबसाइटी बोलत होत्या. परंतु ज्याने ऐकायचे त्याला त्यांची भाषाच कळत नव्हती. तो ऐकणारा कोण आणि त्याची भाषा कोणती, हे समजावून घेण्यासाठी हा लेख.

आंधळा वाचक

‘अलिबागजवळ राहण्याची सोय’ असे आपण फोनवर लिहितो, तेव्हा गुगल त्या क्षणी साऱ्या जगात धावत सुटते अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः ते काम आधीच झालेले असते. गुगलचे फिरते यंत्र एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर असे सतत हिंडत असते. सापडलेले पान वाचते, त्याची नोंद आपल्या प्रचंड सूचीत करते. आपण प्रश्न विचारतो तेव्हा या सूचीतून उत्तरे निवडून क्रमाने मांडली जातात. म्हणजे पायऱ्या तीन: फिरणे, नोंदणे आणि क्रम लावणे. पहिल्या दोन पायऱ्यांवर ज्याची गाडी अडली, त्याला तिसरीवर स्थानच नाही. ग्रंथालयाच्या सूचीत नाव न चढलेले पुस्तक कपाटात असून नसल्यासारखे.

हा फिरता वाचक मात्र चमत्कारिक आहे. आपण पडद्यावर पाहतो ते रंगीत पान म्हणजे मुखवटा. त्याच्यामागे एक मजकूर असतो, त्यालाच कोड म्हणतात. हा वाचक त्या कोडावर चालतो. आपल्याला सूर्यास्त दिसतो. त्याला दिसते एका चित्राच्या फायलीचे नाव. आपल्याला ठळक अक्षरांतले मथळे दिसतात. त्याला, कोड लिहिणाऱ्याने ‘हा मथळा आहे’ असे सांगितले असेल तरच, मथळा दिसतो.

छापखान्याची ज्यांना सवय आहे त्यांना हे चटकन कळेल. हस्तलिखित कंपॉझिटरकडे पाठवताना संपादक समासात खुणा करीत असे: हे शीर्षक, हे उपशीर्षक, येथून नवा परिच्छेद. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि पुढे तिच्यासाठी एचटीएमएल ही खुणांची लिपी घडवली, ती याच परंपरेतली. ‘सर्न’ने ३० एप्रिल १९९३ रोजी हे सारे जगाला विनामूल्य खुले करून दिले. तेव्हापासून ज्याला या खुणा नीट करता येतात त्याचे पान यंत्राला नीट वाचता येते. नियम एवढा साधा आहे.

आता किनाऱ्यावरच्या एखाद्या बेताच्या वेबसाइटचा कोड उघडून पाहावा. पानाचे शीर्षक काय? ‘होम’. दुसऱ्या पानाचे? तेही ‘होम’. घराचे नाव, गाव, भाडे, फोन नंबर हे सारे कोठे आहे? एका जाहिरातीच्या चित्रात रंगवलेले. त्या चित्राचे वर्णन म्हणून कोडामध्ये जी जागा ठेवलेली असते, ती रिकामी. चित्रातली अक्षरे उकलण्याची विद्या यंत्रांना आता थोडीफार अवगत आहे, हे खरे. पण आपला पत्ता कुणी उकलून काढील या भरवशावर दुकान मांडणारा व्यापारी विरळाच.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. दृष्टिहीन माणसे फोन आणि संगणक वापरतात ते पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या मदतीने. ती प्रणालीही असाच कोड वाचते. मथळ्याला मथळा म्हटलेले असेल, चित्राखाली वर्णन असेल, बटणाला नाव असेल, तर ते पान त्यांनाही खुले होते. म्हणजे आंधळ्या यंत्रासाठी केलेली व्यवस्था आणि अंध माणसासाठी केलेली व्यवस्था पुष्कळ अंशी एकच आहे. धंद्याचा हिशोब क्षणभर बाजूला ठेवला, तरी एवढ्या एका कारणासाठी नीट कोड लिहिणे योग्य ठरेल.

किहीमची सुगरण

मांडव्याहून अलिबागकडे जाताना किहीम लागते. १९३० मध्ये सुप्रसिद्ध पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी येथेच राहून सुगरण पक्ष्याचा बारकाईने अभ्यास केला. मराठीत आपण या पक्ष्याला ‘सुगरण’ असे स्त्रीलिंगी नाव दिले. पण घरटे विणतो तो नर. तो अर्धे घरटे विणून थांबतो. मग माद्या येतात, घरटी तपासतात. एखादीला घरटे पसंत पडले की ती त्यात ठाण मांडते आणि नर उरलेले काम पुरे करतो. पसंत न पडलेले घरटे तसेच अर्धवट लोंबकळत राहते. हा सारा व्यवहार सालिम अलींनी किहीमला पाहिला आणि जगापुढे मांडला.

वेबसाइटचेही असेच आहे. तपासणी होते ती दोनदा: एकदा यंत्राकडून आणि एकदा माणसाकडून. आणि दोघेही नापसंतीचे कारण सांगत बसत नाहीत, निघून जातात.

माणूस निघून जातो तो मुख्यतः कंटाळून. थोडे गणित करू. आजकालच्या फोनवर काढलेला एक फोटो सहज चार मेगाबाइटचा असतो. असे सहा फोटो जसेच्या तसे पानावर चढवले, तर वजन झाले चोवीस मेगाबाइट, म्हणजे एकशे ब्याण्णव मेगाबिट. गिऱ्हाईक भर समुद्रात लाँचमध्ये बसलेले आहे किंवा आवासच्या वाडीत उभे आहे, आणि त्याच्या फोनला सेकंदाला चार मेगाबिट एवढाच वेग मिळतो आहे, असे धरले, तर ते पान पुरते उघडायला अठ्ठेचाळीस सेकंद लागतील. तेच फोटो पडद्याला पुरतील एवढे लहान करून प्रत्येकी दीडशे किलोबाइटवर आणले, तर हे काम दोन सेकंदांच्या आत होते. फोटो तेच, सुरमई तीच. फरक फक्त मांडणाऱ्याच्या काळजीचा.

गुगलने २०१६ मध्ये केलेल्या पाहणीत असे आढळले होते, की पान उघडायला तीन सेकंदांहून अधिक वेळ लागला तर फोनवरून आलेल्यांपैकी ५३ टक्के लोक परत फिरतात. अठ्ठेचाळीस सेकंद थांबणारा पाहुणा म्हणजे जवळचा नातेवाईकच असला पाहिजे!

आपल्याच देशातले एक उदाहरण घ्या. बसची तिकिटे विकणारी बंगळूरची ‘रेडबस’ कंपनी सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या अभियंत्यांनी एकच गोष्ट धसास लावली: बोटाने पडद्याला स्पर्श केल्यावर प्रतिसाद यायला जो विलंब लागतो तो कमी करायचा. नवी बस नाही, भाड्यात सूट नाही, जाहिरात नाही. केवळ कोडाची झाडलोट. विक्री सात टक्क्यांनी वाढली, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांतात नमूद आहे. इटलीत व्होडाफोन कंपनीने आपल्या पानाचा मुख्य भाग दिसण्याचा वेळ ३१ टक्क्यांनी सुधारला, तेव्हा विक्रीत आठ टक्के वाढ झाली. हे २०२१ मधले. मोठ्या कंपन्यांचे आकडे दोन खोल्यांच्या घराला जसेच्या तसे लागू होणार नाहीत; पण माणसाचा स्वभाव दोन्हीकडे एकच.

यंत्राच्या कसोट्या

यंत्रही आता माणसाच्या कंटाळ्याचा हिशोब ठेवू लागले आहे. २१ एप्रिल २०१५ पासून फोनवर नीट न दिसणारी पाने गुगलने फोनवरच्या शोधात मागे टाकण्यास सुरुवात केली. जुलै २०१८ पासून फोनवरच्या शोधात वेगालाही महत्त्व आले. २०२१ मध्ये तीन मोजमापे क्रम लावताना विचारात घेतली जाऊ लागली. आज त्यांचे स्वरूप असे आहे: पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर एक पंचमांश सेकंदाच्या आत प्रतिसाद मिळावा, आणि पान उघडताना त्यातला मजकूर इकडेतिकडे उड्या मारू नये. तिसरी कसोटी वाचून हसू येईल. पण ‘फोन करा’ या बटणावर बोट टेकवावे आणि नेमक्या त्याच क्षणी वरून एखादे चित्र उतरून बटण खाली सरकावे, हा अनुभव कुणाला नाही? चित्राची लांबी-रुंदी कोडात आधी लिहून ठेवली, तर त्याच्यासाठी जागा राखली जाते आणि ही उडी टळते. पंगतीत पान आधी मांडले म्हणजे मागून येणाऱ्यासाठी सगळ्यांना सरकावे लागत नाही, तसेच हे.

दुसरी गोष्ट कुलपाची. वेबसाइट आणि गिऱ्हाईक यांच्यामधली देवाणघेवाण वाटेत कुणी वाचू नये म्हणून ती सांकेतिक करण्याची सोय आहे. गुगलने २०१४ पासून तिला थोडेसे महत्त्व दिले. आणि जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर अशी सोय नसलेल्या पानापुढे ‘सुरक्षित नाही’ असा इशारा दाखवू लागला. ज्या घराच्या दारावर असा इशारा टांगला आहे, तेथे आगाऊ पैसे कोण भरणार? आणि गंमत अशी, की यासाठी लागणारे प्रमाणपत्र ‘लेट्स एनक्रिप्ट’ ही संस्था २०१५ पासून विनामूल्य देते. मात्र वाचकांनीही लक्षात ठेवावे: हे कुलूप म्हणजे घरमालक प्रामाणिक असल्याचा दाखला नव्हे. बनावट वेबसाइटलाही कुलूप लावता येते. सुट्टीच्या दिवसांत सुंदर बंगल्याचे फोटो दाखवून पैसे उकळणारे भामटे असतात. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर विनाविलंब कळवावे.

तिसरी गोष्ट पत्त्याची. वेबसाइट नवी करून घेताना जुन्या पानांचे पत्ते बदलतात. कुणी वर्षापूर्वी आपल्या लेखात दिलेला दुवा, कुणी मित्राला पाठवलेला दुवा, सारे एका रात्रीत ‘पान सापडत नाही’ या भिंतीवर आपटू लागतात. जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्या पत्त्यावर पाठवण्याची सोय कोडामध्ये असते. पण बिऱ्हाड हलवले आणि पोस्टाला नवा पत्ता कळवलाच नाही, असा प्रकार सर्रास घडतो. मग अनेक वर्षांत कमावलेली ओळख वाया जाते.

आणि चौथी गोष्ट सर्वांत विलक्षण. वेबसाइट बांधून होत असताना अर्धवट पाने बाहेर दिसू नयेत, म्हणून कोडामध्ये एक ओळ घालतात: ‘या पानाची नोंद करू नये.’ काम पुरे झाल्यावर ती ओळ काढायची असते. ती काढायची राहिली, की वेबसाइट डोळ्यांना अगदी झकास दिसते, घरच्या माणसांच्या फोनवर उघडते, आणि शोधणाऱ्या जगाला मात्र तिचा पत्ताच लागत नाही. एका ओळीने सारा खर्च पाण्यात! कोडाच्या व्याकरणात अनुस्वाराएवढी चूकही अर्थाचा अनर्थ करू शकते.

मराठीची अडचण

मराठीच्या अध्यापकाला या विषयात नाक खुपसण्याचा अधिकार कोणता, असे कुणी विचारील. अधिकार आहे तो असा.

वेबच्या पहिल्या दशकात मराठी मजकूर पडद्यावर आणण्यासाठी जो तो आपापले फाँट वापरीत असे. पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण कोडामध्ये त्या जागी एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असायचे. फाँट म्हणजे केवळ मुखवटा. तो काढला की खाली अगम्य अक्षरांची खिचडी. माणसाला मराठी दिसत होती, यंत्राला मात्र ती निरर्थक वाटत होती. त्या काळात वेबवर चढवलेला कितीतरी मराठी मजकूर, वर्तमानपत्रांतला, संस्थांचा, हौशी लेखकांचा, शोधणाऱ्याच्या हाती कधी लागलाच नाही. ज्याचे रूपांतर झाले नाही, तो आजही लागत नाही. निकृष्ट कोडामुळे धंदा बुडतो, हे आपण ऐकतो. येथे एका भाषेचे काही वर्षांचे लेखन जवळजवळ अदृश्य राहिले.

यावरचा तोडगा युनिकोड. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक, ही त्यामागची कल्पना. १९९१ मध्ये निघालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. त्याच वर्षी भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानकही ठरले. पण मराठी वेबसाइटींनी युनिकोड अंगवळणी पाडून घ्यायला पुढची पुष्कळ वर्षे घेतली.

आणि युनिकोड आला म्हणून सारे आलबेल झाले असेही नाही. ‘वाऱ्यावर’ या शब्दातला आपला खास मराठी अर्धा ‘र’ दोन निराळ्या रीतींनी लिहिता येतो. डोळ्याला दोन्ही सारखेच. कोडाच्या हिशोबी दोन वेगळे शब्द. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये. त्यापूर्वी आणि पुष्कळदा त्यानंतरही लोक ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवीत आले. शोधयंत्रे अशा जोड्या आता बऱ्याच अंशी जुळवून घेतात; पण वेबसाइटच्या आतल्या लहानशा शोधपेटीला, बुकिंगच्या यादीला ही समज असेलच असे नाही. तेव्हा एकाच वेबसाइटवर एकच रीत पाळावी, आणि पानाची भाषा मराठी आहे हे कोडामध्ये स्पष्ट लिहावे. ही एका शब्दाची खूण आहे. पण तीही पुष्कळ मराठी पानांवर नसते किंवा तेथे ‘इंग्रजी’ असे लिहिलेले असते. मग वाचून दाखवणारी प्रणाली मराठी मजकूर इंग्रजी समजून वाचायला जाते, आणि ऐकणाऱ्याच्या वाट्याला काय येते ते सांगायला नको.

मांडव्याच्या बाबतीत तर नावाचाच घोळ आहे. ‘मांडवा’ म्हटले की निम्म्या हिंदुस्थानाला १९९० चा ‘अग्निपथ’ चित्रपट आठवतो. विदर्भ-मराठवाड्यातही मांडवा नावाची गावे आहेत. गोव्यात मांडवी नदी आहे, कच्छमध्ये मांडवी शहर आहे. रोमन लिपीत या नावाचे स्पेलिंगही लोक आपापल्या मर्जीने करतात. खुद्द अलिबागचेही तेच. अशा वेळी नुसते ‘मांडवा’ लिहून भागत नाही. ‘मांडवा, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, धक्क्यापासून अमुक किलोमीटर’ असा पुरा पत्ता मजकूर म्हणून, चित्र म्हणून नव्हे, पानावर असला पाहिजे. घराचे नाव, पत्ता, फोन, भाडे ही माहिती यंत्राला वेगवेगळी ओळखता यावी, म्हणून ठराविक साच्यात लिहिण्याची एक पद्धत मोठ्या शोधयंत्रांनी २०११ मध्ये एकत्र येऊन ठरवून दिली आहे. ती पाळली की यंत्राला तर्क करावा लागत नाही. सासवण्याचे करमरकर शिल्पालय पाहून शेजारच्या गावात मुक्काम शोधणाऱ्या माणसाला आपले घर दिसायचे असेल, तर आपण सासवण्यापासून किती जवळ आहोत हेही आपणच सांगायला नको काय?

वीण आणि फांदी

इतके सांगितल्यावर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. चांगला कोड लिहिला म्हणजे पहिला क्रमांक मिळालाच, असे सांगणारा इसम आढळल्यास त्याच्यापासून चार हात दूर राहावे. गुगलने स्वतःच वारंवार सांगितले आहे, की वेग आणि मांडणी यांपेक्षा, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पानावर आहे की नाही, याला अधिक वजन आहे. सारख्याच योग्यतेची दोन पाने समोर आली, तर नीट बांधलेले पान पुढे जाऊ शकते. सुगरणीवर पुढे जे संशोधन झाले, त्यातही असे दिसले, की मादी नुसती वीण पाहत नाही. घरटे कोणत्या झाडाला, किती उंचीवर, कसल्या फांदीला टांगले आहे, यालाही ती मोठे महत्त्व देते. कोड ही वीण आहे. आपल्याजवळ सांगण्यासारखे काय आहे, ही फांदी आहे. फांदी पोकळ असेल तर वीण काय करणार?

आणि या किनाऱ्याजवळ सांगण्यासारखे थोडे का आहे? लाँच पावसाळ्यात केव्हा बंद होते, ओहोटीच्या वेळी किनारा कसा असतो, पांढऱ्या कांद्याच्या माळा कोणत्या महिन्यात रस्त्याकडेला लागतात, म्हाताऱ्या माणसांना धक्क्यावरून किती चालावे लागते, कोणत्या दिवशी घरी मासळी शिजत नाही. ही माहिती दूरच्या बुकिंग कंपनीला असणे शक्य नाही. ती गावातल्या घरालाच असते. ती साध्या मराठीत आणि साध्या इंग्रजीत लिहून काढली, तर तिची बरोबरी करणे कुणालाही जड जाईल.

पुष्कळ जण म्हणतात, ‘आता वेबसाइट कशाला? इन्स्टाग्राम आहे, व्हॉट्सॲप आहे.’ असावेत, जरूर असावेत. पण ती भाड्याची जागा आहे. मालकाने नियम बदलले की आपले सामान रस्त्यावर. शिवाय २०२४ पासून आपल्याकडेही गुगल शोधाच्या माथ्यावर यंत्राने तयार केलेले उत्तर दाखवू लागले आहे. ते उत्तर रचले जाते कुणाच्या तरी पानांवरूनच. स्वतःचे, यंत्राला नीट वाचता येणारे पान ज्याच्याजवळ नाही, त्याच्याविषयी ते इतरांचे ऐकून सांगणार.

चार साध्या चाचण्या

ज्यांची वेबसाइट आहे, त्यांनी या दिवाळीत झाडलोटीबरोबर चार गोष्टी कराव्यात. यासाठी कोड लिहिता येण्याची गरज नाही.

पहिली: गुगलवर आपल्या वेबसाइटचे पूर्ण नाव अवतरणचिन्हांत लिहून शोधावे. आपले पान येत नसेल, तर गुगलच्याच ‘सर्च कन्सोल’ या विनामूल्य सोयीत नोंद करून कारण पाहावे. ती विसरलेली ओळ तेथे सापडते.

दुसरी: घरचे वायफाय बंद करून, धक्क्यावर किंवा वाडीत उभे राहून, जुन्या स्वस्त फोनवर आपले पान उघडावे आणि घड्याळ लावावे. गुगलची ‘पेजस्पीड इनसाइट्स’ ही तपासणीही फुकट आहे. तेथे आपला पत्ता टाकला की कोठे अडते ते लिहून येते.

तिसरी: पानावरचा फोन नंबर बोटाने धरून त्याची नक्कल होते का ते पाहावे. होत नसेल तर तो चित्रात अडकलेला आहे.

चौथी: फोनमधली वाचून दाखवण्याची सोय चालू करावी, डोळे मिटावेत आणि आपले पान ऐकावे. जे ऐकू येईल, तेवढेच यंत्राला कळले असे समजावे.

आणि वेबसाइट नव्याने करून घ्यायची असेल, तर किंमत विचारण्याआधी करणाऱ्याला एवढेच विचारावे: वेबसाइटचे नाव कुणाच्या मालकीने नोंदवणार? ते आपल्याच नावाने असले पाहिजे. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून कुणी घर बांधीत नाही.

जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइटी २००३ मध्ये निघालेल्या वर्डप्रेस या मुक्त प्रणालीवर चालतात. ती शिकण्यासाठी परदेशी जावे लागत नाही. अलिबाग-पेणच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींना ते सहज जमण्यासारखे आहे. रोजची लाँच पकडून मुंबईला नोकरीस जाणाऱ्या तरुणांपैकी काहींना हा व्यवसाय गावातच करता येईल. सुतार, गवंडी, होडी बांधणारे कारागीर या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या आहेत. होडीच्या फळ्यांमधली सांध कापसाने आणि राळेने भरताना त्यांनी कधी ‘पाण्याखालचे कोण पाहतो?’ असे म्हटले नाही, कारण पाहणारे नसले तरी पाणी असते. कोड लिहिणाऱ्या नव्या कारागिराला याहून निराळे काही शिकायचे नाही.